बेहिचची आंघोळ

कुणी विचारलं, होजा, त्या मोठ्या लढाईत तुम्ही काय केलंत, तर मी सरळ सांगतो. मशिदीत बांग दिली आणि मयतं धुतली. आमचा देश लढाईत नव्हताच. वरच्या लोकांनी मोठ्या हुशारीनं दोन्ही डगरींवर पाय ठेवले होते, जर्मनांनाही सलाम आणि इंग्रजांनाही सलाम. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, असं शहाणे म्हणतात. म्हणोत बापडे. मी त्या तिसऱ्याच्या घरचं मयत आंघोळीच्या फळीवर पाहिलंय, मला शहाणपण शिकवू नका.

आमचं गाव तुझलाजिक समुद्राकाठी आहे. समोर बेटं दिसतात. त्या साली द्राक्षं उतरली आणि बेटांवर ते दोघं एकमेकांच्या जिवावर उठले. दिवसभर तोफा. आमच्या ताटल्या फडताळात वाजायच्या. मग सरकारनं मिठागरांमागच्या माळावर चार लढाऊ विमानं आणून ठेवली. जर्मनांकडून घेतलेली, कोरी करकरीत, गोल तोंडाची. त्यांच्या बदल्यात आमच्या डोंगरातला क्रोमचा दगड बोटी भरभरून गेला. कॉफीच्या दुकानात दुर्मुश भाजलेल्या हरभऱ्याची कॉफी द्यायचा, खरी कॉफी मिळायची कुठे तेव्हा, आणि वर म्हणायचा, "विमान जर्मनांचं, पेट्रोल इंग्रजांचं, आपला फक्त रंग." रंग म्हणजे पंखांवरचे लाल चौकोन. जवळून चौकोन दिसायचे. लांबून बघितलं तर बेटांवर बॉम्ब टाकणाऱ्या जर्मनांच्या विमानांत आणि आमच्यांत काडीचा फरक नव्हता. सगळे हसायचे. मीही हसायचो.

त्यातलं एक विमान बेहिच उडवायचा. वरच्या कराचाम गावचा पोरगा, लेफ्टनंट. त्याचा बाप रासिम हवालदार. हवालदारकी जुनी, आधीच्या लढायांमधली. पहिल्या मोठ्या लढाईत गेला, परत आला, पुन्हा ग्रीकांशी लढायला गेला, पुन्हा आला. डावा कान तिकडेच राहिला, त्यामुळे त्याच्याशी उजव्या बाजूनं बोलावं लागे. नंतर तो क्रोमच्या खाणीत लागला. माणूस मुखदुर्बळ. बायको नेफिसे मात्र उलट. बाजाराच्या दिवशी ती डोंगर उतरली की अख्ख्या गावाला कळायचं.

"होजा, विमान कुणाचं ठाऊक आहे ना?" मला भर बाजारात गाठून विचारायची.

"सरकारचं."

"सरकारचं कुठलं? दर कुर्बानीला मेंढ्याचं कातडं कोण देतं विमानांच्या फंडाला? आम्ही देतो. माझं पोर बसतं ती गादी आमच्या मेंढ्याच्या कातड्याची आहे, पैजेवर सांगते."

"मेंढ्याला विचारलंस का?"

"तुम्ही आपली बांग द्या, होजा. विमानातलं तुम्हाला कळत नाही."

बेहिच कराचामवरून जाताना पंख हलवायचा. ती खालून शिव्या घालायची, मेला परातीतलं पीठ उडवतो म्हणून. पण पीठ मळायला ती अंगणातच बसायची, घरात बसत नसे.

त्यांना अजून एक मुलगा होता, धाकटा, जेव्हदेत. तो पायदळात, थ्रेसच्या सीमेवर. कराचामच्या जवळजवळ प्रत्येक घरातला एक तरी पोरगा तेव्हा त्या सीमेवर चिखलात उभा होता. लढाई नव्हती, पण उद्या सुरू झाली तर पहिली गोळी त्यांनाच लागणार होती.

एका सकाळी परकी विमानं आमच्या किनाऱ्यावरून गेली. आपली दोन वर चढली. ढग खाली आलेले, दिसत काही नव्हतं, नुसती घरघर. मग एकच परत आलं. बेहिचचं विमान मिठागरांपलीकडच्या दलदलीत पडलं. जळलं नाही, चिखलात नाक खुपसून राहिलं. सैनिकांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा तो काळ्या चिखलानं माखलेला होता आणि केव्हाच गेला होता. दुपारपर्यंत गावात सांगितलं गेलं, इंजिन बंद पडलं, अपघात झाला.

संध्याकाळी कॅप्टन मुनीर मशिदीत आला. विमानं उडवणाऱ्या चारही पोरांचा वरिष्ठ. वयानं चाळीसही नसेल, पण त्या दिवशी म्हातारा दिसत होता.

"होजा, उद्या बेहिचला धुवायचं, कफन घालायचं. इतर मयतांसारखं. सगळं नीट, सगळ्यांदेखत."

मला राग आला. "कॅप्टनसाहेब, मी तुम्हाला विमान कसं चालवायचं सांगतो का? आंघोळ सगळ्यांदेखत होत नसते. आत होते. आणि अपघाताचं मयत धुतातच, त्यात सांगायचं काय?"

"आत तुमच्याबरोबर कुणी नको."

"बाप येईल. बापाचा हक्क आहे तो."

त्यानं टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, "ठीक आहे. पण आत जे दिसेल ते आतच राहू द्या."

तेव्हा मला त्याच्या बोलण्यातली मेख कळली. आमच्यात रीत काय आहे? माणूस घरात मेला, विहिरीत पडला, आजारानं गेला, तर त्याला धुवायचं. शत्रूच्या हातून जागच्या जागी मेला, तर तो शहीद. शहिदाला पाणी लावायचं नाही. त्याचं रक्त हीच त्याची आंघोळ. अंगावरच्या कपड्यांनिशी पुरायचं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणजे मशिदीच्या अंगणात उभं राहून नुसतं ऐकलं तरी कळतं. पाणी वाजलं तर साधं मरण, नाही वाजलं तर लढाई.

आणि ऐकायला माणसं आलेली होती. विमानं दिली त्यांचा एक जर्मन मनुष्य दुर्मुशच्या दुकानात आला होता, आमचं इंजिन असं बंद पडत नाही, मला ते बघू द्या, म्हणून अडून बसलेला. दुसऱ्या टेबलावर इंग्रजांचा एक. तो वर्षानुवर्षं आमच्या देशात राहिलेला, आमची भाषा आमच्याहून गोड बोलणारा. त्यानं दुर्मुशला सहज विचारल्यासारखं विचारलं म्हणे, "उद्या धुणार का तसाच पुरणार?" दुर्मुश धावत माझ्याकडे आला. मी त्याला म्हटलं, "जा, कॉफी उकळ. तोंड उघडलंस तर याद राख."

दुसऱ्या दिवशी खाणीच्या ट्रकमधून रासिम आणि नेफिसे आले. मशिदीच्या अंगणात, आंघोळीच्या खोलीला लागून, पाणी तापवायची चूल आहे. हंडा भरून ठेवलेला, लाकडं रचलेली. नेफिसे ट्रकमधून उतरली ती थेट त्या चुलीपाशी गेली आणि चुलीच्या तोंडाशी फतकल मारून बसली.

"इथे जाळ लागणार नाही," ती म्हणाली. "माझ्या पोराला धुवायचं नाही. तो शहीद आहे."

कॅप्टन मुनीर पुढे झाला. टोपी हातात. "माई, आपल्या देशात लढाई नाही. अपघात झाला. इंजिन..."

"लढाई नाही? मग ह्या तोफा कोण वाजवतंय, लग्नाचे वाजंत्री?"

"माई, ती त्यांची लढाई आहे."

"त्यांची लढाई, आणि मेलं कोण? माझा मुलगा! विमानात बसवताना म्हणालात देशासाठी. आता म्हणता इंजिनासाठी? मशीन बिघडून मेला म्हणून मी त्याला धुऊन पुरू, विहिरीत पडलेल्या माणसासारखा?" तिचा आवाज फाटला. "चोवीस वर्षांचा वाढवला मी त्याला. कशासाठी गेला तेवढं तरी सांगा. कशासाठी गेला?"

फाटकाशी तो इंग्रज उभा होता, टोपी काढून, खाली बघत. जर्मन जरा लांब. दोघांचे कान मात्र तिच्याकडे. मला वाटलं, ह्या दोघांना मानगुटीला धरून समुद्रात नेऊन टाकावं.

रासिम बायकोजवळ वाकला. "मी आत जातो. बघून येतो. तोवर लाकडाला हात लावू नकोस."

"नीट बघ," ती म्हणाली. "तू लढाईतली मेलेली माणसं बघितलीयस. तुला कळेल."

आम्ही आत गेलो आणि मी दाराला अडसर लावला. फळीवर बेहिच, घोंगडीत गुंडाळलेला. कातडी जाकीट कुणीतरी आधीच काढून नेलं होतं, ते का नेलं ते मला जरा वेळानं कळलं. घोंगडी उलगडली तेव्हा चिखल वाळून खपल्या झालेला. रासिमनं मुलाचा चेहरा हातानं पुसला, बोटांनी भुवयांमधला चिखल काढला. मग म्हणाला, "उलटा करा, होजा."

आम्ही त्याला कुशीवर वळवलं. डाव्या खांद्याखाली सदऱ्याला एक भोक होतं. भोकाभोवती चिखल नव्हता, रक्ताचा मोठा काळपट डाग होता. विमान पडलं तर माणूस मोडतो. त्याला पाठीत भोक पडत नाही.

रासिमनं त्या भोकावर बोट ठेवलं. बाहेर नेफिसे काहीतरी पुटपुटत होती, आवाज येत होता.

"गोळी कुणाची असेल?" तो म्हणाला.

"कोण जाणे. इंग्रजाला वाटलं असेल जर्मन विमान आहे. जर्मनाला वाटलं असेल हा इंग्रजांना मदत करतोय. ढगात काय दिसतं?"

"क्रोम घालतात म्हणे तोफांच्या पोलादात." त्यानं आपल्या तळव्यांकडे बघितलं, खाणीत काळेठिक्कर पडलेले. "माझ्याच खाणीतला असेल, होजा. मीच फोडून दिलेला."

मी होजा आहे, लोकांचं सांत्वन करणं माझं काम, पण त्याला सांगायला मला कुराणातली एक ओळ आठवेना.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. कॅप्टन मुनीर. मी अडसर काढून त्याला आत घेतलं, कारण आम्हा तिघांनाच काय ते ठरवायचं होतं. रासिमनं मुलाच्या पाठीकडे हात केला.

"ठाऊक आहे," कॅप्टन म्हणाला. "काल त्याला बाहेर काढला तेव्हा मी तिथंच होतो. हवालदार, तुम्ही सैनिक होतात, तुमच्याशी खोटं बोलत नाही. हा लढताना मेला. पण मी तसं म्हटलं तर सरकारला कुणाशी तरी भांडावं लागेल. कुणाशी, ते मलाही माहीत नाही. बाहेर ते दोघं ह्याचीच वाट बघताहेत. दोघांनाही आपण दुसऱ्यावर चिडायला हवे आहोत. वरून तोंडी हुकूम आहे, अपघात. तरी तुम्ही म्हणालात धुवू नका, तर मी अडवणार नाही. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. पुढचं अल्लाला ठाऊक."

रासिमनं उजवा कान पुढे करून सगळं ऐकलं. मग हळूच म्हणाला, "थ्रेसमध्ये धाकटा आहे माझा. आणि मेव्ह्लुतचा आहे, विधवा साजिदेचा एकुलता आहे." तो एकेका घरातल्या पोराचं नाव घेत गेला. आवाज अगदी साधा, जसा कुणी गावाचा रस्ता सांगतो. "मी दोन लढाया बघितल्यात, कॅप्टन. तिसरी माझ्या पोराच्या पाठीतून सुरू व्हायला नको."

"मग माईंना खरं सांगा एकांतात," कॅप्टन म्हणाला.

"तिला?" रासिम पहिल्यांदाच हसल्यासारखा झाला. "ती रडताना सांगून टाकेल. शहिदाची आई तोंड मिटून कशी बसेल? तिच्या छातीत नाही राहायचं ते. तिला वाटू दे मशीन बिघडलं. मला शिव्या घालेल, घालू दे."

कॅप्टननं टाचा जुळवून त्या चिखलानं माखलेल्या पोराला सलाम केला आणि बाहेर गेला. त्याच्या मागोमाग रासिम गेला. दार उघडंच होतं. मी बघत होतो.

नेफिसेनं मान वर केली. "बघितलंस?"

"बघितलं."

"मग?"

"काही नाही," रासिम म्हणाला. "मशीनच बिघडलं. लाव जाळ."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं आता ही आक्रोश करणार, ऊर बडवणार. तसं काही झालं नाही. ती वळली, काडी ओढली, पहिली विझली, दुसरी लागली. पाणी तापलं तेव्हा तिनं बाही सारून कोपर बुडवून बघितलं, तान्ह्या बाळाच्या आंघोळीला बघतात तसं. "कढत नाहीये," ती म्हणाली. "न्या."

आत आल्यावर मी अडसर लावला आणि रासिमला म्हणालो, "मी ह्याला धुणार नाही."

"होजा..."

"ऐक तरी. शहिदाला पाणी लावायचं माझ्या हातून होणार नाही, मला वर तोंड दाखवायचंय. पण बाहेर पाणी वाजायला हवं ना? फरशीवर ओत. कपडे असू देत अंगावर. वरून कफन घालायला शास्त्राची ना नाही. बाहेर सगळ्यांना पांढरं कफन दिसेल. आत तो आहे तसा जाईल."

रासिमनं माझा हात धरला, डोळ्यांना लावला. मग तांब्या भरून भरून फरशीवर पाणी ओतायला लागला. हळूहळू, थांबत थांबत, जसं डोक्यावर घालतात, मग खांद्यावर, मग पायांवर. मी मोठ्यानं दुआ म्हणत होतो. फळीवरच्या बेहिचला एक थेंब लागला नाही. बापाच्या तोंडून आवाज निघत नव्हता, पण ओठ हलत होते. आम्हाला वाटलं, झालं, सुटलो.

दुसरी बादली घ्यायला मी बाहेर आलो आणि माझी नजर अंगणातल्या ओघळाकडे गेली.

मोरीचं पाणी. खोलीतलं पाणी भिंतीखालच्या मोरीतून अंगणात येतं, चुलीच्या अगदी कडेनं वाहत फाटकाकडे जातं. दलदलीच्या काळ्या चिखलानं माखून रात्रभर वाळलेला माणूस आम्ही आत धूत होतो, आणि मोरीतून पाणी येत होतं आरशासारखं स्वच्छ. तळाचे खडे दिसत होते. दोन शहाणी माणसं आत बसून एवढा मोठा डाव रचतात आणि मोरी विसरतात! आंघोळ घालण्यात जन्म गेला माझा.

नेफिसे त्या पाण्याकडे बघत होती.

तिनं पाणी बघितलं, बंद दाराकडे बघितलं, मग मान वळवून फाटकाकडे. तो इंग्रज तिथंच होता, पाणी त्याच्या बुटांपर्यंत पोचायला दोन हात बाकी होते. नेफिसेचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. त्यावर दुःख होतं, आणि दुःखाच्या वर काहीतरी ताठ उभं राहिलं होतं. तिनं चुलीतली राख दोन्ही हातांनी ओढली, गरम राख, आणि मोरीत टाकली. मग जमिनीवरची माती. मग पुन्हा राख. हातानं कालवली. पाणी काळं झालं, फेसाळलं, आणि तसंच गढूळ होऊन फाटकाकडे गेलं. इंग्रजानं पाय मागे घेतले. बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई दुःखानं माती कुरवाळतेय.

मग तिनं आवाज चढवला, अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असा. "होजा! एवढ्याशा पाण्यात काय होतंय? माझं पोर चिखलात पडलंय. अजून आणा, भरपूर घाला!"

मी हंड्यातून बादली भरायला वाकलो. तिच्या बोटांना फोड आले होते. ती माझ्याकडे न बघता पुटपुटली, "ह्यांना सांगू नका, मी बघितलं म्हणून. त्यांना वाटू दे मला कळलं नाही. तेवढ्यावरच उभे आहेत ते."

मी बादली घेऊन आत आलो. अडसर लावला. रासिम भिंतीला टेकून उभा होता, रिकामा तांब्या छातीशी धरून.

"काय ओरडत होती?" त्यानं विचारलं.

"पाणी कमी पडतंय म्हणाली."

त्यानं सुस्कारा टाकला आणि खाली बसला, मुलाच्या पायाशी. आता कुठे त्याला रडू फुटलं. "बरं झालं, होजा," तो म्हणाला. "तिला काही कळलं नाही."

मी म्हटलं, "नाही कळलं," आणि तांब्या भरून त्याच्या हातात दिला.